गल्फचं थकलेलं कर्ज मिटवून देणारं कुर्ल्याचं ऑफिस : पाचपैकी तीन तारे

ऑफिसचं नाव लिहीत नाही. तक्रार मोठी आहे आणि तिथल्या एका मॅडमचं नुकसान व्हावं अशी माझी इच्छा नाही. कुर्ला पश्चिमेला, खाली ट्रॅव्हल एजंट, वर हे. जिन्यात चपलांचा ढीग दिसला की समजायचं, आपल्यासारखे बरेच आहेत.

मी खेड तालुक्यातला. दुबईत अल कूझला एसी मेंटेनन्सचा फोरमन होतो, पगार 5,500 दिरहम. 2018 मध्ये गावच्या घराच्या स्लॅबसाठी 60,000 दिरहमचं पर्सनल लोन काढलं. तिथे पगाराच्या वीसपटीपर्यंत लोन आणि 48 महिन्यांत फेड असा नियम आहे, त्यामुळे बँकेचा सेल्समन कामगारांच्या कॅम्पच्या दारातच फॉर्म घेऊन उभा. फॉर्मबरोबर सही केलेला चेक द्यायचा, रकमेची जागा कोरी. त्याला सिक्युरिटी चेक म्हणतात. सगळेच देत होते, मीही दिला. 1,493 दिरहमचे 21 हप्ते भरले आणि 2020 आलं. कंपनीने निम्मी माणसं कमी केली. ऑगस्टमध्ये वंदे भारतच्या, म्हणजे कोविडात अडकलेल्यांसाठी सरकारने सोडलेल्या विमानाने मुंबईला उतरलो. ग्रॅच्युइटी पगाराच्या खात्यात आली ती बँकेने तिथल्या तिथे वळती करून घेतली. मुद्दल उरलं 28,000 च्या आसपास.

पुढची पाच वर्षं फोन. माझा नंबर बदलला तर बायकोच्या मोबाइलवर. ‘तुमच्या जिल्हा कोर्टात केस टाकतो, घरावर बोजा चढवतो.’ भातलावणीत चिखलात उभं राहून असे फोन घेतलेत.

गेल्या वर्षी, 2025 च्या सुरुवातीला, जुन्या साहेबांनी नव्या कंपनीत बोलावलं. पगार 7,000. चिपळूणचा एजंट म्हणाला, ‘व्हिसा निघाला म्हणजे केस नाही, बिनधास्त जा.’ हे साफ खोटं आहे. व्हिसाची खिडकी वेगळी, कोर्टाची वेगळी. व्हिसा हातात असताना विमानतळावर बाजूला बसवलेला माणूस आमच्याच वाडीत आहे. म्हणून कुर्ल्याला गेलो.

पहिल्या भेटीला मी पाचपैकी पाच देईन. मॅडमनी फी घ्यायच्या आधी अर्धा तास समजावलं. जिल्हा कोर्टाची धमकी अगदीच हवेतली नाही : जानेवारी 2020 मध्ये केंद्र सरकारने यूएईला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली आणलं, त्यामुळे तिथल्या ठरावीक कोर्टांची डिक्री, म्हणजे निकालाचा हुकूम, आपल्याकडे जिल्हा कोर्टातून वसूल करता येते. पण त्याला आधी तिथली डिक्री लागते, फोनवरच्या माणसाचा चढा आवाज पुरत नाही. पाच वर्षांत हा फरक कोणी सांगितला नव्हता. त्या रात्री कोकणकन्या एक्स्प्रेसने परत जाताना मी ठाण्यापासून खेडपर्यंत झोपलो.

फी 25,000 रुपये आगाऊ आणि ‘वाचवलेल्या रकमेच्या 15 टक्के’ नंतर. इथे डोळे उघडे ठेवा, पुढे सांगतो.

त्यांनी आधी अल एतिहाद क्रेडिट ब्युरोचा रिपोर्ट मागवला. तिथे सगळ्या बँकांचं देणं एका कागदावर येतं. माझ्या रिपोर्टात लोनच्या खाली 412 दिरहमचं मोबाइल बिलही निघालं. पोस्टपेड सिम बंद न करता निघालो होतो, चूक माझीच. मग मुखत्यारपत्र. यूएई अपोस्टिल (बऱ्याच देशांत चालणारा एकच शिक्का) मानत नाही, म्हणून नोटरी, मंत्रालय, परराष्ट्र खातं आणि शेवटी त्यांच्या वकिलातीचा शिक्का, अशी वरात. तीन आठवडे गेले. ही वरात ऑफिसच्या पोऱ्याने काढली, मला फक्त दोनदा यावं लागलं. खेडहून मुंबई करणाऱ्याला याची किंमत कळेल.

बँकेने पहिला आकडा दिला 47,300 दिरहम. मॅडमनी दोन महिने लावून तो 28,500 वर आणला, म्हणजे जवळजवळ मुद्दलच. घासाघीस मी समोर बसून ऐकली. दुबईचा वसुलीवाला हिंदीतच बोलत होता. मध्येच म्हणाला, ‘पैसे मी सांगतो त्या खात्यात टाका, आजच क्लोज करतो.’ मॅडम म्हणाल्या, ‘लोन अकाउंट सोडून कुठेही एक फिल्स जाणार नाही, आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र.’ तो चार दिवस गप्प बसला, मग पत्र आलं. त्यात माझं नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, लोन नंबर बरोबर आहे का, ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द आहेत का, मुदतीची तारीख कोणती, हे त्यांनी बोट ठेवून वाचलं. वडिलांचं नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. एकटा असतो तर मी त्याच दिवशी त्या माणसाच्या खात्यात पैसे टाकले असते. खरं सांगतो, टाकलेच असते.

पैसे इथूनच पाठवले. बाहेर असताना घेतलेलं कर्ज परत आल्यावर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून फेडता येतं. खेडच्या शाखेत हा प्रकार कोणी केला नव्हता, साहेबांनी मुंबईला तीन फोन केले. साधारण 6 लाख 64 हजार रुपये गेले. वर्षाला 10 लाखांच्या आत असल्यामुळे टीसीएस, म्हणजे असे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापला गेला नाही. हे पैसे म्हणजे बायकोचे दागिने, सोसायटीचं कर्ज आणि थोरल्या भावाचे दोन लाख.

आता बिल. 47,300 वजा 28,500 म्हणजे 18,800 दिरहम ‘वाचले’, त्याचे 15 टक्के 2,820 दिरहम, म्हणजे 65 हजारांवर रुपये. पण वाचलं काय? फुगवलेलं व्याज. ते बँकेला तरी मिळेल असं वाटत होतं का? मुद्दल तर मी सगळं भरलं. ऑफिसच्या मालकांशी वाद घातला, ते म्हणाले करारात सही आहे. होती. शेवटी 40 हजारांवर तुटलं. जाणार असाल तर टक्केवारी कुठल्या आकड्यावर लागणार ते सही करण्याआधी कागदावर घ्या, किंवा सरळ ठरावीक फी मागा.

आणि खरा घोळ इथून पुढे. बँकेचं क्लिअरन्स लेटर, म्हणजे लोन फिटल्याचं पत्र, आलं. ऑफिसने दुबई पोलिसांच्या ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला : माझ्या जुन्या एमिरेट्स आयडीवर (तिथलं ओळखपत्र) आर्थिक गुन्हा नाही. खाली मालकांचा मेसेज, ‘अभिनंदन सर, तिकीट काढा.’ मी काढलंही.

वहिनीचा भाचा दुबईच्या देरा भागात टायपिंग सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, कामाला आहे. सहज कळवलं तर तो म्हणाला, ‘काका, पोलिसांचं झालं, कोर्टाचं बघितलंत का?’ त्याने कागद घेऊन दुबई कोर्टात चौकशी केली, तर माझ्या नावावर 2022 ची अंमलबजावणीची, म्हणजे कोर्टामार्फत वसुलीची, फाइल उघडीच. झालं असं की 2 जानेवारी 2022 पासून शिल्लक नसल्यामुळे परत गेलेला चेक हा तिथे सहसा फौजदारी गुन्हा राहिला नाही, पण त्याच बदलामुळे बँक तो चेक घेऊन थेट अंमलबजावणीला जाऊ शकते, खटला चालवावा लागत नाही. माझ्या कोऱ्या चेकवर बँकेने 60,000 चा आकडा लिहिला आणि तेच केलं. पोलिसांकडे काही नाही, म्हणून ॲपवर काही नाही. क्लिअरन्स लेटरने लोन बंद झालं, फाइल आपोआप बंद होत नाही. ती बँकेच्या वकिलाने जाऊन बंद करायची असते.

हे ज्या ऑफिसचं रोजचं काम आहे त्यांना ठाऊक नव्हतं की विसरले, ते मला अजून कळलेलं नाही. मालकांनी दोन दिवस फोन घेतला नाही. मॅडमनी घेतला आणि मान्य केलं की कोर्ट तपासलं नव्हतं. पुढचे 26 दिवस त्या बँकेच्या मागे लागल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. कोर्टाचे किरकोळ दिरहम मी भरले. तिकिटाची तारीख बदलण्याचे 6,800 रुपयेही मीच. ऑफिसकडे मागितले, अजून ‘बघतो’ चालू आहे.

दोन तारे मॅडमचे, एक त्या पोऱ्याचा. मालकांचे दोन मी ठेवून घेतलेत, 6,800 मिळाले तर एक परत देईन.

फाइल बंद झाल्याचा कागद भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवला. मोबाइलचे 412 दिरहमही त्यानेच काउंटरवर भरले. पैसे पाठवू का विचारलं तर म्हणाला, ‘काका, येताना आजीच्या हातची फणसपोळी आणा.’ दीड किलो नेली. इमिग्रेशनवाल्याने पासपोर्ट पाहिला, स्क्रीन पाहिली, शिक्का मारला. बॅग उघडायला लावली ती कस्टमवाल्याने, आणि ती फणसपोळी काय आहे हे त्याला समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली.