फॅटी लिव्हर: आठवड्याचे इंजेक्शन की रोजची गोळी?

फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) झालेला आहे, साखरही वाढलेली आहे आणि डॉक्टरांनी सेमाग्लुटाइड (आठवड्याचे इंजेक्शन) व पायोग्लिटाझोन (रोजची गोळी) अशी दोन नावे पुढे ठेवून विचार करायला सांगितले आहे, अशा वाचकासाठी हे टिपण आहे. दोन्ही औषधे मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आळीपाळीने घेतली आहेत. व्हिटॅमिन ई, सॅरोग्लिटाझार किंवा मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रेस्मेटिरॉम या इतर औषधांचा अनुभव मला नाही, म्हणून त्यांना येथे बाजूलाच ठेवतो.

या दोन्ही औषधांचा यकृतावरील परिणाम बराचसा आडवाटेने, म्हणजे संप्रेरकांच्या मार्गाने होतो, आणि निवड करताना नेमका हाच भाग दुर्लक्षित राहतो. सेमाग्लुटाइड हे जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करते. मूळ संप्रेरक रक्तात जेमतेम काही मिनिटे टिकते, तर औषधाचा अंमल आठवडाभर राहतो. त्यामुळे नुकतेच जेवण झाले आहे, अशाच समजुतीत शरीर वावरत असते. भूक मंदावते, जठर सावकाश रिकामे होते, साखर वाढवणारे ग्लुकागॉन दबते, वजन उतरू लागले की चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन खाली येते, आणि स्थूल पुरुषांमध्ये घसरलेले टेस्टोस्टेरॉनही काहीसे सावरते.

पायोग्लिटाझोनचा रोख चरबीच्या पेशींवर असतो. या पेशींतून स्रवणारे आणि फॅटी लिव्हरच्या रुग्णांत सहसा कमी आढळणारे अ‍ॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक या गोळीने दुपटी-तिपटीने वाढू शकते. इन्सुलिनला शरीर पुन्हा दाद देऊ लागते आणि यकृतात अडकलेली चरबी तेथून निघून त्वचेखाली जाऊन बसते. याचा एक चमत्कारिक परिणाम म्हणजे एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य) उतरत असताना वजनाचा काटा मात्र वर सरकतो. घरच्यांना हे पटवून देणे सोपे नसते, आणि खरे सांगायचे तर सुरुवातीला मलाही पटत नव्हते.

माझी शरीरयष्टी या प्रश्नात महत्त्वाची ठरली. हातपाय बारीक आणि पोट तेवढे पुढे, अशी आपल्याकडे घरोघरी दिसणारी ही ठेवण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बाहेरून सडपातळ पण आतून चरबीयुक्त अशा भारतीय देहाविषयी जे संशोधन केले, त्यात मी चपखल बसतो. अशा माणसाचे वजन सरसकट उतरवण्यापेक्षा चरबी योग्य जागी हलवणे अधिक सयुक्तिक, असे मला वाटत आले आहे. सेमाग्लुटाइडने पोट कमी झाले हे खरे, पण घटणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो आणि माझ्याजवळ ते मुळातच बेताचे होते; दंड आणि मांड्या लवकरच सैल दिसू लागल्या.

तरीही माझा निर्णय त्यावरून झाला नाही. तो झाला ढेकरांवरून. इंजेक्शन घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धी भाकरी आणि वाटीभर पिठले खाल्ले, तरी ते संध्याकाळपर्यंत छातीशी ठाण मांडून राही आणि मग सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर सुरू होत. ओवा, जिरे, आले-लिंबू, रात्रीचे जेवण लवकर उरकणे, मात्रा हळूहळू वाढवणे, सगळे करून पाहिले. मळमळ ओसरली, पण ढेकर गेले नाहीत. कार्यालयातील बैठकीत तोंडावर रुमाल धरून बसणारा मनुष्य आजारी दिसतो, आणि चारचौघांत जेवायला बसणेच मी टाळू लागलो. अनेकांना हा त्रास अजिबात होत नाही किंवा लवकर सरतो, हे नमूद करायला हवे.

गोळीचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्यावर उमटतो आणि नडगीवर अंगठा दाबला तर खळगा क्षणभर तसाच राहतो. मात्रा १५ मिलिग्रॅमवर ठेवून आणि पापड-लोणचे आवरून माझ्यापुरते ते सुसह्य झाले. मात्र हृदय कमकुवत असेल तर हीच सूज धोक्याची ठरते, म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) विषय काढावा. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेमुळे २०१३ मध्ये भारतात या औषधाची विक्री काही काळ थांबवली होती आणि नंतर इशाऱ्यासह ती पुन्हा सुरू झाली, हेही लक्षात असावे.

आकडे पाहिले तर इंजेक्शनची बाजू कमकुवत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसेन्स चाचणीत यकृताचा दाह सुमारे ६३ टक्के रुग्णांत निवळला, औषधाविना गटात तो ३४ टक्क्यांत निवळला होता, आणि यकृतावरील व्रणही (फायब्रोसिस, म्हणजे दाहामुळे यकृतात येणारा कडकपणा) सुधारले. पायोग्लिटाझोनचे आकडे २०१० च्या पिव्हेन्स चाचणीत अनुक्रमे ४७ आणि २१ टक्के होते, पण व्रणांच्या बाबतीत तिने ठोस फरक दाखवला नाही. रुग्ण वेगळे असल्याने ही तुलना ताणू नये. तरी फायब्रोस्कॅनमध्ये व्रण पुढे गेलेले असतील किंवा वजन खरोखरच जास्त असेल, तर इंजेक्शनला पहिला मान द्यावा, असे मलाही वाटते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत गोळीमुळे अस्थिभंगाची शक्यता वाढते, तेव्हा त्यांनीही दुसरीकडेच पाहिलेले बरे. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडामुळे पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्या तरुणींत दोन्ही औषधांनी बीजोत्सर्ग पुन्हा सुरू होऊ शकतो आणि अनपेक्षित गर्भधारणा संभवते. सेमाग्लुटाइड तर गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी बंद करावे लागते.

गोळी स्वस्त आणि इंजेक्शन महाग, ही किमतीतील तफावत मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण दोन्ही उपचार दीर्घकाळचे आहेत. इंजेक्शन थांबवले की भूक आणि वजन परत येते, गोळी थांबवली की मिळालेला लाभही ओसरू लागतो. वर्षानुवर्षे जे परवडेल आणि ज्याच्यासह चारचौघांत जेवता येईल, ते औषध माझ्याकडून चुकवले जात नाही, आणि सध्या ती गोळी आहे. आपली ठेवण माझ्यासारखी असेल, हृदय ठणठणीत असेल आणि व्रण अजून सौम्य असतील, तर डॉक्टरांपुढे गोळीचा विषय आधी काढायला हरकत नसावी.