उद्यमबागेतला शाफ्टवाला: जुन्या पिकअपवाल्यांनी एकदा जाऊन या

आमचा पिकअप 2011 चा, भाजी भरून जांबोटी-कणकुंबीवरनं चोर्ला घाटानं गोव्याला पळणारा, आणि त्याला दोन दुखणी लागली होती. पहिल्या गिअरात क्लच सोडला की खालनं 'ठक्', रिव्हर्सला पण तेच, आणि साठच्या पुढं काटा गेला की सीटसकट सगळी बॉडी थरथरायची. एका गॅरेजवाल्यानं गाडी एक फूटसुद्धा न चालवता क्लचप्लेट गेली म्हणून सांगितलं, प्लेट बदलली, पैसे गेले, ठक् जागेवरच.

मग कुणीतरी बेळगावच्या उद्यमबागेतलं हे शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सकडनं मागच्या एक्सलला जोर नेणाऱ्या लांब दांड्याचं काम करणारं वर्कशॉप सांगितलं. बोर्ड-बिर्ड काय नाही, तिसऱ्या रेल्वे गेटकडनं आत जाऊन शाफ्टवाला कुठं म्हणून विचारायचं. मला आवडलं ते हे की वर्कशॉपवाल्या मामांनी पाना हातात घ्यायच्या आधी चावी मागितली. स्वतः चालवली, खानापूर रोडला साठवर नेली आणि चालत्या गाडीत न्यूट्रल केली. थरथर तशीच. "इंजिनचं, क्लचचं असतं तर आता कमी झालं असतं की ओ, हे गाडीच्या स्पीडबरोबर यायलंय, म्हंजे शाफ्ट नाहीतर चाक." स्टेअरिंग थरथरत नव्हतं म्हणून पुढच्या चाकांवरचा संशय जवळजवळ सोडलाच, मागचे टायर जॅकवर फिरवून फुगवटा बघितला, तिथं काय सापडलं नाही.

खाली गेल्यावर चाकांना उटी (अडसर) लावून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि तो लांब दांडा, प्रॉपेलर शाफ्ट, हातानं उलटसुलट पिळला. मला पण खाली बोलावलं, म्हणाले हात लावून बघा. मागच्या क्रॉसला, म्हणजे शाफ्टच्या फिरत्या सांध्याला, चांगलाच प्ले (ढिलेपणा), आणि त्याच्या कपाच्या कडेला तांबूस भुकटी जमलेली, म्हणजे आत ग्रीस कधीच संपलंय आणि सुया, म्हणजे बेअरिंगचे बारीक रोलर, कोरड्या घासायलेत. खोलल्यावर क्रॉसच्या दांड्यांवर सुयांच्या रेघा नखाला लागत होत्या. शाफ्टला मधे धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर पण फाटलेलं. शाफ्ट काढायच्या आधी स्लिप जॉइंटवर आणि फ्लँजवर, म्हणजे शाफ्टच्या जोडांवर, पंचनं खुणा मारल्या, कारण क्रॉस धरणारे दोन्हीकडचे योक होते तसेच एका लाईनीत बसले नाहीत तर नवीन क्रॉस घालून पण थरथर राहते. हे किती जण करतात बघा!

क्रॉस आणि सेंटर बेअरिंग मी बाहेरनं आणलं, सामान ते विकत नाहीत, म्हणून नको ते गळ्यात मारायचा प्रश्नच नाही. मजुरी वाजवी. थरथर गेली. ठक् बारीकसा अजून येतो, तो मागच्या एक्सलमधल्या डिफ्रन्शियलचा, त्यातल्या क्राऊन-पिनियन या दातेरी चक्रांमध्ये थोडा प्ले असतोच, "आवाज हुंहुं करायला लागला तर आणा, आत्ताच कशाला खोलायचं" म्हणाले आणि नुसतं ऑइल बदलायला लावलं. दुसरा असता तर तेवढ्यात डिफ्रन्शियल खोलून बसला असता.

वाईट बाजू पण सांगतो. बसायला जागा नाही, बिल मागितलं तर कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा, फोन उचलला तर नशीब, आणि 'तासात होतंय' म्हटलं की जेवून जावा. पावसाळ्याच्या आधी ग्रीस मारून घ्यायला मात्र मी तिथंच जाणार, कणकुंबीकडचं पाणी क्रॉसमधलं सगळं ग्रीस धुवून काढतंय. सकाळी लवकर गेलात तर बरं, नंतर ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांची लाईन लागते.