ऑक्टंट की सेक्स्टंट?

ऑक्टंट आणि सेक्स्टंट ही जहाजावरून सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजायची उपकरणं. इंग्रज गणितज्ञ जॉन हॅडलीने 1731 मध्ये मांडलेली ऑक्टंटची कल्पना मला आजही थक्क करते. दोन आरशांमुळे उपकरणाचा फिरणारा हात एक अंश सरकला की प्रतिमा दोन अंश सरकते, म्हणून 45 अंशांच्या कमानीवर 90 अंश मोजता येतात. शिवाय सूर्य आणि क्षितिज एकाच चौकटीत दिसत असल्याने जहाज हेलकावत असलं तरी वाचन बिघडत नाही.

सेक्स्टंटचं तत्त्व तेच, फक्त कमान 60 अंशांची, म्हणजे माप 120 अंशांपर्यंत. चंद्र आणि तारा यांच्यातलं अंतर मोजून रेखांश काढायचा, तर ही जास्तीची मर्यादा हवीच.

खरा फरक बांधणीत आहे. ऑक्टंटची चौकट बहुधा एबनी लाकडाची आणि पट्टी हस्तिदंताची. काहींच्या आडव्या दांडीत छोटी पेन्सिल खोचलेली असे, आकडे टिपायला मागे हस्तिदंताची चकती! पण लाकूड हवेनुसार फुगतं, वाकतं. सेक्स्टंट पितळी झाला आणि उपकरणं बनवणाऱ्या जेसी रॅम्सडेनच्या विभाजन यंत्राने त्यावर बारीक, अचूक रेघा कोरता येऊ लागल्या.

रेखांशासाठी मी सेक्स्टंटच घेईन. दुपारच्या सूर्यावरून अक्षांश काढायला मात्र ऑक्टंट पुरेसा होता, आणि स्वस्तही.