पामच्या जाळीघरात लोखंडी कूलर: उन्हाळ्यात पास, थंडीत नापास

आधी निकाल सांगते. मार्चअखेरपासून मृग लागेपर्यंत हा कूलर पैसे वसूल करतो. पावसाळ्यात त्याचा काडीचा उपयोग नाही आणि डिसेंबरात तो फक्त जागा अडवतो.

वस्तू साधीच आहे. नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या आमच्या कूलरवाल्याकडून बनवून घेतलेला पत्र्याचा कूलर, अठरा इंची पंखा, तीन बाजूंना वूडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्या. सात हजारांच्या आत पडला. कशासाठी पाहिजे ते सांगितल्यावर तो म्हणाला, "काकू, झाडायसाठी कूलर? घरच्या मान्सायले काय देता मंग?" पण काम चोख केलं. टाकीला तळाशी तोटी लावून मागितली होती, ती लावून दिली. ती का लागते ते खाली येईलच.

माझ्याकडे लिक्युआला ग्रँडिस आहे. गोल, चुण्या पडलेल्या पानांचा हा पाम मूळचा वानुआटू बेटांवरचा, म्हणजे बारा महिने दमट हवेत राहणारा. त्याला आणलं नागपुरात, जिथे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेला होता. (२०२४ च्या मेअखेर एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले, त्यावर गावभर चर्चा झाली. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. तो आकडा धरून झाडांची काळजी करू नका, खरे आकडे पुरेसे आहेत.)

पण लिक्युआलाला खरा मार बसतो तो कोरड्या हवेचा. मेमध्ये दुपारी हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली जातो. पान जेवढं पाणी हवेत सोडतं तेवढं मुळांना वर पोचवणं जमत नाही आणि कुंडी ओलीचिंब असूनही पानाच्या कडा करपतात. मग लोक आणखी पाणी घालतात आणि मुळं सडवतात. कूलरचं गणित इथे जुळतं, कारण हवा जितकी कोरडी तितकं त्याचं काम चांगलं. ४५ अंश आणि १५ टक्के ओलावा असेल तर पाण्याच्या बाष्पीभवनानं हवा कागदावर २४ अंशांपर्यंत उतरू शकते. साधा कूलर तिला तिशीच्या आसपास आणतो. माझं जाळीघर काही बंद खोली नाही. वर पंचाहत्तर टक्के सावलीची हिरवी जाळी, पश्चिमेला ओली पोती, बाकी मोकळं. तरी नवतप्यातल्या (मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांतल्या) दुपारी आत तेहतीस-चौतीस राहतं आणि ओलावा पन्नासच्या वर. लिक्युआलाची नवी पानं या उन्हाळ्यात अखंड निघाली. निकोबारचा बेंटिंकिया पामही टवटवीत आहे.

कूलरचं तोंड झाडांकडे करू नका. सतत अंगावर येणारा झोत पानं फाडतो. माझा भिंतीकडे वळवलेला आहे, तिथून हवा फिरून येते. रात्री पंप बंद, पंखा हळू चालू. रात्रभर दमट आणि थांबलेली हवा मिळाली की बुरशी शेंड्यात शिरते, आणि या पामांचा एका खोडाला एकच शेंडा असतो. तो गेला की ते खोड गेलं.

आता तक्रारी. पाणी बेसुमार पितो. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, त्यामुळे ताट्यांवर पांढरे क्षार चढतात आणि हवा अडते. पाणी उडतं, क्षार टाकीत मागे राहतात, म्हणून तोटी उघडून टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करावी लागते. हे पाणी कुंडीत अजिबात ओतायचं नाही, अंगण धुवायचं. पंप फालतू निघाला, पहिल्याच उन्हाळ्यात बदलला. आवाज म्हणाल तर शेजारच्या वहिनींनी विचारलं, चक्की टाकली का म्हणून. पत्र्याला तळाशी गंज धरायला लागलाय. पुन्हा घेतला तर फायबरच्या बॉडीचा घेईन.

पाऊस सुरू झाला की कूलर बंद. हवेतच ओलावा असतो, तेव्हा तो फक्त घाम आणि बुरशी वाढवतो.

थंडीवर तर याच्याकडे उत्तरच नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश नोंदले गेले. तसल्या रात्री मी जाळीघराला चारी बाजूंनी जाड प्लॅस्टिक लावते, आत साधा पिवळा बल्ब ठेवते आणि कुंड्यांना पाणी सकाळी ऊन आल्यावरच देते. लिक्युआला तग धरतो. लिपस्टिक पामच्या नादी मात्र नागपूरकरांनी लागू नये. तो मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या दलदलीतला. दहा अंशांच्या खालीच त्याचे हाल सुरू होतात. नर्सरीत लाल देठ बघून मन डळमळतं, मान्य आहे. आपल्याकडे त्याला उन्हाळ्यात कूलर आणि हिवाळ्यात हीटर लागेल, एवढी बडदास्त मी जावयाचीही ठेवली नाही.

तुमच्याकडे बिस्मार्क किंवा बॉटल पाम असेल तर हा खर्च करूच नका. बिस्मार्क मादागास्करच्या उघड्या माळावरचा, जम बसला की मेचं ऊन त्याला मानवतं. त्याला आपल्या काळ्या मातीत पाणी साचू न देणं महत्त्वाचं. खड्ड्यात मुरूम आणि रेती घाला, थोडा उंचवटा करून लावा, कूलरचे पैसे वाचले.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा पंपानं खाल्ला, एक थंडीनं. घ्यायचाच असेल तर फेब्रुवारीत घ्या आणि वूडवूलच्या ताट्यांचा एक जादा जोड तेव्हाच आणून ठेवा. एप्रिल लागला की कूलरवाला फोन उचलत नाही.