जुनी ६० वॅटची सीओटू लेझर मशीन: सोलापूरच्या उन्हाळ्यात कितपत टिकते?

लेझरच्या किरणाने कापणारी आणि खोदकाम करणारी ही मशीन सेकंडहँड घ्यायला चांगली, पण तपासूनच. एका कोपऱ्यात कट आरपार आणि दुसऱ्यात अर्धवट, ही या मशीनची नेहमीची तक्रार. तेवढ्यावरून लगेच ट्यूब (किरण तयार करणारी काचेची नळी) बदलू नका, तो सगळ्यात महागडा भाग आहे. सगळीकडे सारखाच कमजोर कट आला तरच ट्यूब, ती थंड ठेवणारं पाणी किंवा लेन्सवर संशय घ्या. फक्त काही ठिकाणी बिघडत असेल तर आधी किरण वळवणारे आरसे बघा.

हेडच्या (किरण खाली सोडणारा सरकता भाग) तोंडावर मास्किंग टेप लावा आणि चारही कोपऱ्यांत कमी पॉवरवर एकेक पल्स (क्षणभराचा किरण) मारा. डाग एकाच जागी पडले पाहिजेत. गँट्री (हेड ज्यावर सरकतं तो आडवा दांडा) पुढेमागे नेताना डाग सरकला तर ट्यूबजवळचा पहिला आरसा, हेड डावीउजवीकडे नेताना सरकला तर गँट्रीवरचा दुसरा आरसा जुळवा. गॉगल हवाच. डाग बरोबर असतील तर नोझलपासून (हेडचं टोक) बेडची (माल ठेवायची जागा) उंची चारही कोपऱ्यांत मोजा, ती सारखी हवी. खोदकामात कडा दुहेरी दिसत असतील तर बेल्ट ढिला असतो.

आपल्याकडे खरी अडचण पाण्याची. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि सीडब्ल्यू-३००० या चिलरमध्ये (ट्यूबचं पाणी थंड करणारं यंत्र) कॉम्प्रेसर नसतो, त्यामुळे पाणी खोलीपेक्षा थंड होतच नाही. ट्यूबला २० अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. कॉम्प्रेसर असलेला सीडब्ल्यू-५००० चिलर आणि डिस्टिल्ड वॉटरचा खर्च मशीनच्या किमतीतच धरा. टॉवेल-चादरीवर काम असेल तर तंतू लेन्सवर बसून जळतात. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने रोज पुसा आणि बसवताना फुगीर बाजू वर ठेवा.