उफ्फीझी, फ्लोरेन्स : व्यक्तिचित्रांसाठी वेळ राखून ठेवावा असे संग्रहालय

उफ्फीझीत येणारे बहुतेक पर्यटक बोत्तिचेल्ली या चित्रकाराच्या चित्रांसाठी येतात आणि गटसहलींचे गाईड व्यक्तिचित्रांपाशी फारसे रेंगाळू देत नाहीत. माझ्या मते तिकिटाचे पैसे वसूल होतात ते मात्र याच चित्रांपाशी, कारण घराण्याचा दर्जा जगापुढे कसा मांडला जाई, हे त्यांत तपशिलागणिक वाचता येते.

चित्रकार ब्रोंझिनोने १५४५च्या सुमारास रंगवलेली एलेओनोरा ही नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची मुलगी आणि फ्लोरेन्सचा ड्यूक पहिला कोझिमो दे मेदिची याची पत्नी. चित्राजवळ जाताच नजर तिच्या पोशाखावर खिळते: पांढऱ्या सॅटिनवर काळ्या मखमलीची वेलबुट्टी, छातीवर मधोमध सोनेरी डाळिंब, आणि विणीतून वर आलेले सोन्याच्या तारेचे बारीक फासही चित्रकाराने सोडलेले नाहीत. डाळिंब हे सुफलतेचे चिन्ह. शेजारी उभ्या असलेल्या छोट्या जोव्हान्नीच्या खांद्यावर आईचा हात आहे. १५३७ साली अवघ्या सतराव्या वर्षी सत्तेवर आलेल्या कोझिमोच्या घरात संपत्तीची आणि वारसांची वानवा नाही, हे पाहणाऱ्याला न सांगता कळते. (याच पोशाखात तिला पुरले, ही दीर्घकाळ चालत आलेली समजूत खरी नाही.) तिच्या चेहऱ्यावरचा अलिप्तपणा अनेकांना खटकतो, मला तो राजघराण्याच्या अदबीचाच भाग वाटतो.

पिएरो देल्ला फ्रांचेस्का या चित्रकाराचे, उर्बिनोचा शासक फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो आणि त्याची पत्नी बात्तिस्ता स्फोर्झा यांचे जोडचित्र असे मांडले आहे की मागची बाजूही पाहता येते, आणि या मांडणीबद्दल संग्रहालयाचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. समोरून दोघेही एका बाजूने दिसतात. झुंजीच्या खेळात उजवा डोळा गमावलेल्या फेदेरिकोची डावी बाजूच आपल्यापुढे येते, पण मोडलेले नाक चित्रकाराने झाकलेले नाही. मागे फिरून गेल्यावर दोघांचे विजयरथ दिसतात, त्याचे पांढऱ्या घोड्यांचे, तिचे एकशिंगी प्राण्यांचे. खालच्या लॅटिन ओळींत त्याच्याविषयी वर्तमानकाळ आहे, तर तिच्याविषयी भूतकाळ. बात्तिस्ता १४७२ साली वारली होती. गर्दीत ही मागची बाजू न पाहताच लोक पुढे सरकतात, याचे वाईट वाटते.

सोमवारी संग्रहालय बंद असते. वेळ आधी आरक्षित करावी, आणि शक्य असल्यास गटाविना जावे.