८० वर्षं माळ्यावर, आणि पांढरीशुभ्र?

एका जुन्या नोटेपायी गेले ६८,५०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी सांगायला मला अकरा दिवस लागले. १५,००० जीपेवर 'टोकन' आणि ५३,५०० रोख, एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळीची प्लेट बाजूला सारून मोजून दिले.

सहाव्या जॉर्जची १०० ची नोट. मागे वाघ, सही सी. डी. देशमुखांची. आपल्या महाडजवळच्या नाते गावात जन्मलेला माणूस, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. त्या सहीपुढे माझं डोकं चालत नाही, मान्य. पीएमजी, म्हणजे नोटा तपासून त्यांना दर्जा देणारी कंपनी, तिच्या सीलबंद प्लास्टिक होल्डरमध्ये बंद. ग्रेड ६५ ईपीक्यू, म्हणजे ७० पैकी ६५, न वापरलेली, कागद मूळचा, धुतलेला-दुरुस्त केलेला नाही. मी काही नवशिका नाही, एकोणीस वर्षं नोटा जमवतोय. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी घरात शिरली तेव्हा चिपळुणात भाड्याने राहायचो. दोन अल्बम चिखलात गेले. त्यातली एक तरी नोट परत हाती यावी असं वाटणं हा गुन्हा आहे का?

विकणारा तिशीतला पोरगा. "काका, तुमका म्हणान सांगतंय, मुंबैवाले दोन दिवसांत उचलतले." नोट म्हणे आजोबांच्या घरी माळ्यावरच्या पेटाऱ्यात सापडली, मग ग्रेडिंगला पाठवली.

इथे. नेमकं इथेच मला कळायला हवं होतं. कोकणातला माळा! चार महिने पाऊस, भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, आणि कागद ८० वर्षं पांढराशुभ्र? पुरानंतर मी स्वतः पंख्याखाली नोटा सुकवल्यात, कागदावर पिवळे ठिपके कसे येतात ते मला कुणी शिकवायला नको. आणि पिनेचं भोक एकही नाही. तेव्हा बँकेतून गड्ड्या टाचूनच यायच्या, न वापरलेल्या करकरीत नोटेलासुद्धा बहुधा डावीकडे भोकं असतातच. मी काय म्हणालो? "वा, पिनहोलसुद्धा नाही!" त्याने हसू कसं आवरलं असेल देव जाणे.

होल्डरवरचा नंबर मी तिथेच मोबाईलवर पीएमजीच्या साइटवर टाकून पाहिला होता, उगाच मला आंधळा म्हणू नका. रेंजची एकच काडी. जॉर्ज दिसला, ६५ दिसलं, मोबाईल खिशात. साइटवरचा नोटेचा फोटो उघडलाच नाही. घरी येऊन उघडला तर त्यातल्या नोटेचा नंबर वेगळाच! होल्डर नकली, त्यावरचा नंबर दुसऱ्या कुणाच्या खऱ्या नोटेचा. फोटोतला नोटेचा नंबर आकडा न् आकडा जुळवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. रेंज नसेल तर उठून निघून या.

जाणकार मित्राने होल्डर कापला. नोट खरी, पण धुतलेली, इस्त्री मारलेली, भोकं लगद्याने बुजवलेली. यूव्ही दिव्याखाली निळसर चमकली. त्या काळचा न धुतलेला कागद असा चमकत नाही. मला तो दिवा कधी घ्यावासा वाटला नाही. तुम्ही घ्या.

पुढची गंमत ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर १५,००० ची नोंद झाली, रोख रक्कम त्यांच्यात बसत नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात साहेबांनी नोट उजेडात धरली. "नोट खरी आहे ना? मग फसवणूक कसली?" शंभराच्या नोटेला ६८,५०० दिले म्हटल्यावर मागचा हवालदार तोंडावर रुमाल धरून हसला. हसा! नंतर म्हणे व्यवहार जिथे झाला तिथे जा. तिथे दोन तास एसटीने गेलो, तर ते म्हणाले राहता तिथे द्या. तक्रार कुठल्याही ठाण्याने घेऊन मग हद्दीत पाठवायची असते हे वकिलाने सांगितलं, त्याचे १,००० वेगळे. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. पोच मागितली तर "कशाला, आम्ही आहोत ना." पोच घेतल्याशिवाय हलू नका. मी हललो.

वर आता कुणीतरी रिझर्व्ह बँकेच्या नावाने फोन करतो, जुनी नोट आम्ही घेतो, २,४०० कमिशन भरा. असलं काही आपण करत नाही हे रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच जाहीर केलंय. माझा नंबर त्या पोरानेच पुढे विकला असणार.

नोट कपाटात आहे. हिने परवा हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "अहो, हिला तर लाँड्रीतून आणलेल्या शर्टाचा वास येतोय."